भंडाऱ्याचा डाग

डॉक्टरीणबाईंनी बिराची हनुवटी धरून तोंड खिडकीकडे वळवलं आणि त्याच्या डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यावर अंगठा ठेवला.

"हे कधीपासून आहे?"

बिरा माझा एकुलता एक मुलगा. तो माझ्याकडे बघून हसला. आम्ही त्याला दाखवायला आलोच नव्हतो. तालुक्याच्या शाळेत डोळ्यांचं शिबिर भरलं होतं, आणि माझ्या धाकट्या दिरांना, सिदूभावजींना, मागावरचा धागा दिसेनासा झाला होता. भावजी घोंगड्या विणायचे. बिरा त्यांना सोबत म्हणून आला होता आणि मी आपली बाजार होईल म्हणून. भावजींचं तपासून झालं, चष्म्याचा नंबर निघाला, आणि आम्ही उठता उठता बाईंची नजर बिरावर पडली.

"विशीत आल्यापास्नं हाय," मी म्हणाले. बाई परगावच्या दिसत होत्या, म्हणून मीच कौतुकानं पुढं सांगितलं, "डाग न्हवं त्यो. भंडारा हाय. खंडोबाचा."

"म्हणजे?"

"म्हंजी देवानं हळद लावलीय," भावजी म्हणाले. "आमच्या घराण्यात एकेकाला लागती. घासली तरी जात न्हाई. ज्याला लागंल त्येनं जत्रंत देवाचा लंगर तोडायचा. ह्येच्या आज्याला हुती, बापाला हुती. आता ह्येला लागली."

"तुम्हाला नाही लागली?"

भावजींनी उगाच डोळे चोळले. "मला न्हाई. मी ताट धरतू."

आमच्या भागात बिराचे डोळे पाहिले की म्हातारी माणसंसुद्धा हात जोडायची. डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात, पापणीवर, दोन्ही बाजूंना पिवळे चट्टे. बोट फिरवलं तर जरा उंच लागायचे. या बाईंनी मात्र हात जोडले नाहीत की हसल्याही नाहीत.

"वडील कुठं असतात याचे?"

"वारलं," मी म्हणाले.

"वय काय होतं?"

"चाळिशी गाठली न्हवती."

"काय झालं होतं?"

"काय हुणार? लंगर तोडला आन् देवानं तितनंच बोलावून घेतलं."

"आणि आजोबा?"

"त्येंचंबी तसंच," भावजी म्हणाले. "पर ते घरी. न्ह्यारी करत हुते, भाकरी हातातच राहिली."

बाईंनी बॅटरी टेबलावर ठेवली. "चप्पल काढ रे," त्या बिराला म्हणाल्या आणि खाली वाकून त्याच्या टाचेमागची शीर त्यांनी चिमटीत धरली. ती जाड होती, गाठाळ होती. मेंढरांमागं चालून झाली असेल, असं आम्ही समजत होतो. बाईंनी दुसराही पाय बघितला आणि मग कितीतरी वेळ कागदावर लिहीत बसल्या.

"सिव्हिलला जा. सकाळी उपाशीपोटी. रक्त द्यायचं," त्या म्हणाल्या. मग भावजींकडे वळल्या. "तुम्हीसुद्धा. घरातल्या सगळ्यांनीच द्यायला पाहिजे."

"माझ्या डोळ्याला काय हाय बाई? जे हाय ते ह्येच्या डोळ्याला हाय."

"डोळ्याला नसलं म्हणून रक्तात नसतंच असं नाही."

भावजी हसले. बाहेर आल्यावर शाळेच्या नळावर पाणी पीत मला म्हणाले, "वैनी, इतकी शिकलेली बाई, आन् देवाच्या हळदीला औषीद देती."

---

लंगर म्हणजे देवळापुढच्या दगडी दीपमाळेला बांधलेला लोखंडी साखळदंड. चंपाषष्ठीला आमच्या टेकावर जत्रा भरते. मानकरी उपास धरतो, साखळदंडाचं टोक दोन्ही मुठींत घेतो, मागं सरकतो आणि एका हिसक्यात तो तोडतो. तुटला की पाऊसपाणी बरं, माणसं-मेंढरं बरी. नाही तुटला तर वर्ष वाईट. शेजारी भावकीतला एक जण भंडाऱ्याचं ताट घेऊन उभा असतो. तो आधी मानकऱ्याच्या दोन्ही डोळ्यांच्या कोपऱ्यांना हळदीचं बोट लावतो आणि लंगर तुटला की ताट उधळतो.

माझे मालक राणबा लंगर तोडायचे, तेव्हा ताट भावजींच्या हातात असायचं. मालक गेले त्या वर्षीही होतं. लंगर तुटला, ताट उधळलं गेलं, आणि पिवळ्या धुराळ्यात मालक पायरीवर बसले ते उठलेच नाहीत. बिरा तेव्हा माझ्या कडेवर होता. गावानं मला नावं ठेवली नाहीत, उलट पाया पडलं. देवानं जागेवर नेलेला माणूस, त्याची बायको, असा माझा मान झाला. मला तो मान नको होता, पण नको म्हणायचं कुणाला?

भावजी त्यांच्याहून दोन वर्षांनी लहान. अंगानं दीडपट. मागाच्या खड्ड्यात बसून विणताना कधी कधी सांगायचे, "दादाला भंडारा लवकरच लागला हुता. आमची आय त्येला मांडीवर घ्यायची आन् आल्यागेल्याला डोळं दावायची. मी तवा काय करायचा ठावं हाय का? रातीला हळद वली करून पापण्यांना लावायचा. सकाळी गोधडी पिवळी, आन् आय दुपारपतूर मारायची." सांगताना ते हसत आणि आम्हालाही हसवत. पण मालक गेल्यावर मान रिकामा होता, तेव्हाही गावानं त्यांना लंगर दिला नाही. कोपऱ्यावरच्या वाडीतून दूरचा एक भाऊबंद आणला, त्याच्या एका डोळ्याला एवढासा ठिपका होता म्हणून. भावजींनी त्यालाही ताट धरलं. तोही फार जगला नाही. पुढं बिराच्या पापण्या पिवळ्या झाल्या आणि गावाचा जीव भांड्यात पडला.

यंदा बिराचा तिसरा लंगर होता.

---

सिव्हिलमधल्या डॉक्टरांनी रक्ताचा कागद पुढं धरला. मला तेव्हा अक्षर येत नव्हतं, बिराला येत होतं, पण आकडे वाचून त्यालाही काही कळेना.

"कोलेस्टेरॉल म्हणतात," डॉक्टर म्हणाले. "ते सगळ्यांच्याच रक्तात असतं. थोडं लागतंही. याच्या रक्तात दुपटीहून जास्त आहे. खातो काय?"

"मेंढरांमागं आसतू," मी म्हणाले. "दूध, तूप, मटण. मानकरी म्हणून लोक खाऊ घालत्यात."

"ते कमी करा. पण नुसत्या खाण्यानं एवढं चढत नाही. हे बापाकडून आलंय. रक्तातलं ते काढून टाकायचं काम याच्या शरीराला नीट जमत नाही. मग ते साचतं. पापणीत साचलंय, टाचेत साचलंय, आणि काळजाला रक्त नेणाऱ्या नळ्या असतात, त्यांतही साचलं असणार. बाहेरचं दिसतं. आतलं दिसत नाही."

मी विचारलं, "म्हंजी बाहीर हाय तसाच भंडारा आतबी?"

डॉक्टरांना भंडारा काय ते कळलं नसावं, पण ते म्हणाले, "तसाच."

मग बिराला विचारलं, "चढ चढताना छातीत दाटतं?"

"न्हाई," बिरा म्हणाला.

डॉक्टर त्याच्याकडे बघत राहिले. बिरानं एकदा माझ्याकडे बघितलं, मग जमिनीकडे. "कवा कवा. टेकाच्या पायऱ्या चढताना. थांबलं की जातंय."

हे त्यानं मला कधी सांगितलं नव्हतं.

रोज एक गोळी. जन्मभर. बरं वाटलं म्हणून बंद करायची नाही, कारण ती बरं वाटण्यासाठी नाहीच, आत साचू नये म्हणून आहे. विडी बंद. तूप, साय, चरबीचं मटण कमी. भाकरी, भाजी, डाळ भरपूर खावी, सपाटीवर चालावं. मिरजेला नेऊन नळ्या बघून घ्याव्यात, आणि तोवर झटक्याचं, जोराचं काम काहीच करायचं नाही.

"लंगर?" बिरानं विचारलं.

कसला लंगर ते मी सांगितलं. सांगता सांगता मालकांचंही सांगून झालं. डॉक्टर ऐकत होते. शेवटी म्हणाले, "तुमचे मालक कशानं गेले हे आज मला छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण तुम्हाला आता कळलंय, असं मला वाटतं."

निघताना त्यांनी परत सांगितलं, "त्यांच्या भावाला आणा. त्या भावाच्या मुलांनाही."

येताना एसटीत बिरा खिडकीशी बसला होता. घाट लागला तेव्हा त्यानं वडिलांचा विषय काढला, "आये, आबाला ही गोळी घावली आसती तर?"

मी गोळ्यांचं पाकीट पदराच्या टोकाला बांधलं होतं. ते नुसतं घट्ट धरून बसले.

---

जत्रा तोंडावर आली होती. गावात सांगायचं कसं, हा प्रश्न होता. बिरा सांगू देईना.

"गाव म्हणंल, राणबाचं पोरगं मेंढराच्या काळजाचं निघालं."

"म्हणू दे."

"तुला काय जातंय म्हणू दे म्हणायला? मला हितं ऱ्हायाचंय. यवढी एक बारी तोडतू आन् मग गोळ्या खातू."

"तुझा बापबी एकच बारी तोडायला गेलता," मी म्हणाले.

तो जेवणावरून उठून गेला.

मी भावजींकडे गेले. ते मागाच्या खड्ड्यात होते. नव्या घोंगडीला चिंचोक्याची खळ लावायचं चाललं होतं, सगळ्या घराला आंबूस वास येत होता. त्यांची बायको गजरा खळ ढवळत बसली होती, आणि मुलगी कमळ लोकर पिंजत होती. मी उंबऱ्यातच बसले.

"भावजी, बिराला लंगर देऊ नगा."

त्यांचा कुंचला थांबला. मी सगळं सांगितलं. आतला भंडारा, टाचेची शीर, पायऱ्यांवरचं दाटणं. गजरा मध्येच म्हणाली, "अक्का, डागदर लोक काय बी सांगत्यात. देवाचं काय डागदरला कळतंय?"

"तू गप," भावजी तिला म्हणाले. मग मला विचारलं, "दादाबी पायऱ्यांवर थांबायचा. ठावं हाय का तुमास्नी?"

"न्हाई."

"थांबायचा. मी म्हाग आसायचा ताट घिऊन. छाती चोळायचा आन् मला म्हणायचा, सिदबा, वैनीला सांगू नगंस." ते घोंगडीवर परत कुंचला फिरवू लागले. "मला वाटायचं, देव अंगात याला लागला म्हून दाटत आसंल. मनात जळायचा मी. म्हणायचा, मला का दाटत न्हाई."

कमळचं पिंजणं थांबलं होतं.

"गावाला मी सांगतू," भावजी म्हणाले. "बिराच्या अंगाला बोट लावू देत न्हाई कुणाला."

माझे डोळे भरून आले. मी उठायला लागले तेव्हा ते म्हणाले, "आन् लंगर मी तोडतू."

गजराच्या हातातली पळी भांड्यात पडली. "अवो, तुमी?"

"का? मनगाट न्हाई व्हय माझ्यात?"

"पर तुमाला भंडारा..."

"न्हाई. न्हाईच. म्हून तर." ते खड्ड्यातून वर आले आणि पहिल्यांदाच मला त्यांच्या तोंडावर तसं हसू दिसलं, एखाद्या पोराचं असावं तसं. "बघा की वैनी. समद्या जल्मात बिनडागाचा म्हून म्हागं ऱ्हायलो. आता बिनडागाचा म्हूनच म्होरं जातू. ज्येला डाग त्येला धोका. मला डागच न्हाई, मला काय हुतंय?"

"आधी रक्त द्या. डागदर म्हणालं, भावालाबी आणा."

"वैनी, जे मला देवानं दिलं न्हाई, ते डागदरला कसं घावंल?"

"भावजी, त्या शिबिरातल्या बाईबी म्हणाल्या हुत्या. डोळ्याला नसलं तरी रक्तात आसतंय."

"बरं, देतू. जत्रा हू द्या. आत्ता सुई टोचून रक्त काढलं तर तेवढी ताकद कमी न्हाई का हुणार? जत्रा झाली की तुमच्या संगं येतू, लागंल तेवढं काढू द्या."

मी बिरालाही त्यांच्याशी बोलायला लावलं. कमळनंही बापाला विनवलं. प्रत्येकाला तेच उत्तर, जत्रा होऊ द्या. आणि खरं सांगायचं तर गावात दुसऱ्या कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. रामू गुरवानं आधी मान हलवली, बिनडागाचा मानकरी कधी झाला नाही म्हणाला. पण मग कौल लावला, कौल उजवा आला, आणि सगळं ठरलं. लोक भावजींना घरी बोलवून खाऊ घालू लागले. दुधाची चरवी, तुपाची वाटी, बोकडाचा रस्सा. इतकी वर्षं ताट धरणाऱ्या माणसाला गाव पहिल्यांदा पाटावर बसवत होतं. गजरानं त्यांच्यासाठी पांढरा फेटा रंगवून पिवळा केला.

बिरा गोळी घेत होता. पाकिटाच्या रंगावरून मी ओळखायचे आणि रोज संध्याकाळी त्याच्या तळहातावर ठेवायचे. तो माझ्याकडे न बघता गिळायचा.

मला एक धीर होता. मालकांनी मला लग्नानंतर सांगितलं होतं की लंगराची एक कडी लोहार मुद्दाम कच्ची ठेवतो, टाका अर्धाच मारतो. हे फक्त मानकऱ्याला आणि लोहाराला माहीत असायचं. जोर लागतो, पण माणसानं मरावं इतका नाही. भावजींच्या अंगातल्या ताकदीला ती कडी काहीच नव्हती.

---

चंपाषष्ठीच्या दिवशी टेकावर मुंगी शिरायला जागा नव्हती. थंडी होती, दुपारीही लोक घोंगड्या पांघरून बसले होते. ताट या वेळी बिराच्या हातात होतं. भावजी उघड्या अंगानं दीपमाळेपाशी उभे राहिले तेव्हा बायका एकमेकींना म्हणत होत्या, अंग बघा, पंचविशीचं वाटतंय.

बिरानं त्यांच्या डोळ्यांना हळद लावली. भावजी त्याला काहीतरी म्हणाले. नंतर मी बिराला विचारलं होतं, काय म्हणाले. तो म्हणाला, तात्या म्हणालं, जाड लाव.

ढोल वाजायला लागले. भावजींनी साखळदंड मुठींत घेतला, मागं सरकले आणि हिसका दिला. लंगर खणाणला, तुटला नाही. लोकांचा आवाज खाली आला. मालकांच्या वेळी कधी दुसरा हिसका लागला नव्हता. भावजींनी पाय रोवले, दुसरा हिसका दिला. पुन्हा नाही. मागून कुणीतरी म्हणालं, "बिनडागाचा हाय बाबा." ते त्यांनी ऐकलं असणार, कारण त्यांनी मान वळवून बघितलं. मग साखळी मनगटाला गुंडाळली, सगळं अंग मागं टाकलं आणि ओरडले. त्यांच्या गळ्याच्या शिरा मला लांबून दिसल्या.

लंगर तुटला.

"येळकोट! येळकोट!" सगळं टेक पिवळं झालं. बिरानं ताट उधळलं, लोकांनी भावजींना खांद्यावर घेतलं, खाली उतरवलं, पाया पडायला रांग लावली. मी वाट काढत जवळ गेले तेव्हा ते दीपमाळेच्या चौथऱ्यावर बसले होते. हसत होते.

"तुटला, वैनी."

"तुटला."

"घाम बघा किती आलाय. थंडीत." त्यांच्या हनुवटीवरून घाम टपकत होता. त्यांनी जबडा चोळला. "ह्यो जबडा का दुकतुया?"

"बिरा," मी हाक मारली, "जीप आणाय लाव कुणाला तरी."

"जीप कशाला? बसतू जरा. लोकं पाया पडाय लागल्यात." त्यांनी एका म्हातारीच्या डोक्यावर हात ठेवला. तो हात तिथून सरकला आणि ते माझ्या अंगावर कलले. आधी म्हातारीला वाटलं, अंगात आलं. तिनं हात जोडले.

जीप टेकाखाली येऊन उभी राहिली. तिचा काही उपयोग नव्हता.

---

त्यांना दीपमाळेपाशीच आडवं केलं. ढोल थांबले होते. गेनू लोहार गर्दीतून पुढं आला आणि माझ्यापाशी उकिडवा बसला.

"वैनी, मी न्हाई म्हणलो हुतो त्येला. त्यो घरी आला हुता. म्हणला, गेनबा, यंदा कच्ची कडी नगं. बिनडागाचा तोडणार, लोक बघणार. समद्या पक्क्या कर."

मी ऐकलं.

गजरा छाती पिटत होती. कमळ बापाच्या पायाशी बसली होती. रामू गुरव वाकला, भावजींच्या तोंडाजवळ तोंड नेलं आणि एकदम मागं सरला.

"बघा," तो म्हणाला. "डोळं बघा त्येचं. दिला! देवानं शेवटी भंडारा दिला!"

लोक पुढं सरकले. भावजींच्या दोन्ही पापण्यांच्या कोपऱ्यांत पिवळं दिसत होतं. घामानं हळद भिजली होती, जमून घट्ट बसली होती, अगदी मालकांच्या पापण्यांवर होती तशी. एकानं हात जोडले, मग दुसऱ्यानं. मागं कुजबुज पसरत गेली. दिला, दिला. गजराचं रडणं थांबलं. तिनं नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावर मी ते बघितलं जे माझ्या चेहऱ्यावर गावानं बघितलं असेल, मालक गेले तेव्हा. दुःखातसुद्धा एक आधार सापडल्यासारखं.

बिरा माझ्या शेजारी उभा होता. तोही बघत होता. त्याचा हात नकळत स्वतःच्या पापणीवर गेला होता.

मी पाण्याच्या तांब्यात पदर भिजवला.

"अक्का, काय करताय?" गजरानं विचारलं.

मी गुडघ्यावर बसले.

"अक्का, ऱ्हाऊ द्या की." तिनं माझं मनगट धरलं. "ऱ्हाऊ द्या. जल्मभर मागितलं हुतं त्येनी. यवढं तरी ऱ्हाऊ द्या."

मला ते राहू द्यावंसं वाटलं. त्या माणसानं लहानपणी हळद ओली करून पापण्यांना लावली होती आणि त्यासाठी मार खाल्ला होता. आता सगळं गाव त्याला हात जोडत होतं. माझं काय बिघडलं असतं? पण माझ्यासमोर बिरा होता, आणि पायाशी कमळ बसली होती, आणि दोघंही त्या पिवळ्याकडे बघत होते.

मी गजराचा हात सोडवला आणि डावा डोळा पुसला. मग उजवा. हळद पदराला आली. खाली पापणी होती, साधी, सावळी. कुठंही काही नव्हतं. मी बोट फिरवून बघितलं, उंचवटा लागला नाही.

लोकांचे जोडलेले हात हळूहळू खाली आले. गजरानं माझ्याकडे बघितलं. त्यानंतर पुढं कित्येक वर्षं ती माझ्याशी बोलली नाही. तिचं चुकलं असं मी कधी म्हटलं नाही.

कमळ सरकत सरकत पुढं आली होती. बापाच्या स्वच्छ डोळ्यांकडे तिनं बघितलं आणि मग आपलं बोट आपल्याच पापणीच्या कोपऱ्यावरून फिरवलं.

"थोरले आये," ती म्हणाली, "मलाबी काय न्हाई."

मी तिचा हात खाली घेतला.

"तेरावं झालं की सिव्हिलला जायचं," मी म्हणाले. "तू आन् मी. सकाळी काय खाऊ नगंस."